पाकीट घेऊन या

रात्री पावणेअकराच्या सुमारास कॅज्युअल्टीच्या पायऱ्यांशी रिक्षा थांबली. विशीतली एक मुलगी आईच्या खांद्याचा आधार घेत, पण स्वतःच्या पायांनी चालत आत आली. मागोमाग भाऊ. "चक्कर आलीय. दुपारपासून जेवली नाही," तो म्हणाला आणि केसपेपरवर तेवढंच लिहिलं गेलं. ड्यूटीवरच्या मॅडमनी तिला कॉटवर झोपवलं, टॉर्चने डोळे पाहिले, नाडी मोजली. मग त्यांनी तिच्या काखेत बोटं घालून पाहिली. ऑक्टोबरातली उकाड्याची रात्र होती. वॉर्डात पंख्याखाली उभे असलेले आम्ही सगळे घामाघूम झालो होतो आणि तिची काख मात्र कोरडी ठणठणीत. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, जीभ सुकलेली, नाडी 130 च्या घरात.

"सिस्टर, आधी ईसीजी. बाकीचं नंतर."

मग आईकडे वळून, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "काकू, हिने काही गोळ्या घेतल्यात का?"

"नाही हो डॉक्टर. अशक्तपणा आहे तिला."

मॅडमनी भावाला बाजूला घेतलं. "दादा, पोलिसांचं काय ते मी बघते. तुम्ही घरी जा. गादीखाली बघा, कचऱ्यात बघा, गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडेल ते घेऊन या. घरात आणखी कुणाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आणा. वेळ लावू नका."

'रात्रपाळी' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा मी अशाच एका जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयात जाऊन बसायचं ठरवलं. तिथली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कुठली गोळी, किती घेतली, हे मी लिहिणार नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही आणि एखाद्याला अपाय होऊ शकतो. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या दोन तासांबद्दल. औषधाची मात्रा वाजवीपेक्षा जास्त झाली की हृदयाची लय कशी बिघडते आणि ती परत जागेवर आणणारी माणसं नेमकं काय करतात, ते मी तिथे पाहिलं.

हार्ट अटॅकबद्दल आपण घरोघरी बोलतो. रक्तवाहिनी तुंबली, स्टेंट टाकला, बायपास झाली, हे शब्द आता स्वयंपाकघरातही येतात. या कॉटवरचं हृदय तसं नसतं. ते धडधाकट असतं. रक्तवाहिन्या मोकळ्या, झडपा ठीक, स्नायू तरुण. फक्त त्याची वीज औषधाने अडवून धरलेली असते. औषध शरीरातून उतरलं की हृदय पूर्ववत होतं. तोवरचे काही तास निभावून न्यायचे असतात. इतकं बरं होण्याजोगं दुखणं हातातून निसटतं तेव्हा ते मनाला जास्त लागतं.

अडीच चौकोन

ईसीजीचा कागद मशीनमधून सेकंदाला 25 मिलिमीटर या वेगाने बाहेर येतो. त्यावरचा एक बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचे चार शतांश. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावतात तेव्हा कागदावर जी उंच टोकदार रेघ उमटते तिला क्यूआरएस म्हणतात. निरोगी हृदयात ती अडीच चौकोनांच्या आत संपते. मॅडमनी टेबलावर कागद पसरला, पेनाच्या टोकाने चौकोन मोजले आणि सिस्टरकडे पाहून म्हणाल्या, "साडेतीन."

एका चौकोनाच्या फरकाने एवढं काय होतं, असं मी विचारलं. उत्तर देता देताच त्यांनी मुलीच्या दुसऱ्या हातात आणखी एक सुई लावायला सांगितली.

हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम आत येण्यासाठी सूक्ष्म वाटा असतात. सोडियम झपकन आत शिरतं, पेशी विजेने भारली जाते, ती शेजारच्या पेशीला भारते आणि हा हा म्हणता सगळा स्नायू एकदम आवळला जातो. नैराश्यावरच्या जुन्या गोळ्यांचा ट्रायसायक्लिक नावाचा एक गट आहे. आज या गोळ्या नैराश्यापेक्षा मज्जातंतूंच्या दुखण्यावर, अर्धशिशीवर, झोप लागावी म्हणून जास्त दिल्या जातात. ठरलेल्या मात्रेत त्या उपयोगी आहेत आणि स्वस्तही. मात्रा फार वाढली तर मात्र त्या सोडियमच्या वाटा अडवतात. अरुंद पुलावर आलेल्या दिंडीसारखं होतं. माणसं तेवढीच, पण पूल ओलांडायला लागणारा वेळ वाढतो. कागदावरची रेघ रुंदावते ती त्यामुळे.

ही रुंदी किती धोक्याची, याचा एक जुना आणि अजून वापरात असलेला अंदाज 1985 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाला. क्यूआरएस अडीच चौकोनांपलीकडे गेला की झटके येण्याची भीती असते आणि चार चौकोनांपलीकडे गेला की लय उधळण्याची. कॉटवरची मुलगी या दोन्हींच्या मधे होती. ती अजून बोलत होती, भावाला फोन लावून मागत होती. या विषबाधेत चालत-बोलत आलेलं माणूस तासाभरात बेशुद्ध होऊ शकतं. 'बोलतेय ना, सकाळी बघू' असं म्हणून घरी थांबणं म्हणूनच घातक ठरतं.

पाकीट यायला पंचवीसएक मिनिटं लागली. गोळ्या आईच्या होत्या, पायांच्या आगीवरच्या. मॅडमनी नाव वाचलं आणि मान हलवली. उपचार त्याआधीच सुरू झाला होता. कोरडी काख आणि साडेतीन चौकोन एवढ्या पुराव्यावर त्यांनी निर्णय घेतला होता.

औषधाचा नव्हे, ओळखण्याचा प्रश्न

सिस्टरनी ड्रॉवर उघडून सोडियम बायकार्बोनेटच्या ॲम्प्यूल काढल्या. वॉर्डात सगळे त्याला 'बायकार्ब' म्हणतात. म्हटलं तर हा खाण्याचा सोडाच, इंजेक्शनच्या रूपात शुद्ध केलेला. 10 मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये साडेसात टक्क्यांचं द्रावण असतं. एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोमागे 1 ते 2 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या मुलीला पाच ते दहा ॲम्प्यूल. सिस्टर एकामागून एक माना मोडत होत्या, वॉर्डबॉय मामा रिकाम्या काचा ट्रेमध्ये गोळा करत होते, शिकाऊ डॉक्टर सिरिंज भरत होता. मोठ्या शहरातल्या चकचकीत आयसीयूत जे करतात तेच इथे, भिंतीचा रंग उडालेल्या खोलीत चाललं होतं.

बायकार्ब दोन बाजूंनी काम करतं. एक तर रक्तात सोडियमची गर्दी वाढते आणि उरलेल्या वाटांमधून ते जोराने आत शिरतं. दुसरं म्हणजे रक्ताची आम्लता कमी होते आणि आम्लता कमी झाली की त्या वाटांना चिकटलेलं औषध सैल पडतं. रक्ताचा पीएच 7.45 ते 7.55 च्या दरम्यान राखायचा, हे डॉक्टरांचं लक्ष्य. मुलांच्या विषबाधेत हा उपाय मेलबर्नमधले भूलतज्ज्ञ केस्टर ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये मांडला. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. यापेक्षा चांगला पर्याय अजून सापडलेला नाही.

शेवटची सिरिंज संपल्यावर काही मिनिटांनी दुसरा ईसीजी काढला. मॅडमनी दोन्ही कागद एकाखाली एक ठेवले. रेघ अडीच चौकोनांच्या जवळ आली होती. त्यांनी शिकाऊ डॉक्टरला ते पुन्हा मोजायला लावलं. "डोळ्यांनी नको, पेनाने मोज," त्या म्हणाल्या.

इथे खरा धोका नेहमीच्या सवयीचा आहे. रुंद क्यूआरएस आणि वेगाने धावणारं हृदय मॉनिटरवर दिसलं की हृदयविकाराच्या रुग्णाला देतात ती लय सुधारणारी औषधं हाताशी येतात. प्रोकेनामाइड, फ्लेकेनाइड यांसारखी औषधं सोडियमच्या त्याच वाटा अडवतात. म्हणजे आधीच अडलेलं आणखी अडणार. ॲमिओडॅरोन हे आपल्याकडच्या प्रत्येक आयसीयूतलं हुकमी औषध. तेही इथे टाळतात. कागद तोच आणि उपचार मात्र उलटा. तो ठरवणारी माहिती मशीनमधून येत नाही, गादीखालच्या पाकिटातून येते.

श्वास मंदावणं हीदेखील इथे हृदयाचीच अडचण होते. श्वास कमी पडला की रक्त आम्ल होतं आणि औषध पुन्हा घट्ट चिकटतं. म्हणून हाताने दाबून श्वास देण्याची अँबू बॅग उशाशी तयार ठेवलेली होती. आणि हृदय थांबलंच तर सीपीआर लवकर सोडायचा नाही, असा या विषबाधेतला दंडक आहे. तासभराच्या सीपीआरनंतर माणसं परतल्याच्या नोंदी आहेत. हृदय मुळात निरोगी असतं, औषध उतरेपर्यंत रक्त हातांनी फिरवत ठेवावं लागतं, इतकंच.

बाळंतिणीच्या वॉर्डातलं औषध

दुसऱ्या एका रात्री चहाच्या वेळी मॅडमनी त्यांच्याकडचे जुने ईसीजी दाखवले, नावं कापून टाकलेले. त्यातल्या एका कागदावरच्या रेघा मधल्या ओळीभोवती पीळ घेत मोठ्या-लहान, मोठ्या-लहान होत गेल्या होत्या. फ्रेंच डॉक्टर फ्रांस्वा देसर्तेन यांनी 1966 मध्ये वर्णन केलेली ही लय, तोर्साद द पॉइंत. हृदयाला दोन ठोक्यांमध्ये सावरायला लागणारा वेळ, म्हणजे ईसीजीवरचं क्यूटी अंतर, काही औषधांमुळे लांबतं आणि मग एखादा ठोका अवेळी पडून ही लय सुरू होते. काही प्रतिजैविकं, मानसिक आजारांवरची काही औषधं, मलेरियावरची औषधं, मेथॅडोन अशी ही यादी लांबलचक आहे. 2020 मध्ये कोविडच्या पहिल्या महिन्यांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी झुंबड उडाली, तेव्हा क्यूटी हा शब्द वर्तमानपत्रांतही आला होता.

यावर पहिलं औषध मॅग्नेशियम सल्फेट, 2 ग्रॅम, शिरेतून. "रात्री दोन वाजता आयसीयूत ते नसेल तर कुठे मिळेल?" मॅडमनी शिकाऊ डॉक्टरला विचारलं. तो गप्प. "लेबर रूममध्ये. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅगसल्फ तिथे असतंच. जिना उतरून पळत जायचं." नंतर जमल्यास बाहेरून पेसमेकरने ठोक्यांचा वेग वाढवायचा, म्हणजे अवेळी ठोक्याला जागाच उरत नाही.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांची मात्रा फार झाली की हृदय मंदावतं आणि दाब पडतो. घरातल्या आजोबांची गोळी नातवाच्या तोंडात जाते तेव्हाची भीती हीच. कॅल्शियम देतात, ॲड्रेनालिन देतात आणि मग इन्सुलिन. मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत दर किलोमागे तासाला 0.1 युनिट देतात. इथे सुरुवातच 1 युनिटने होते आणि गरज पडली तर 10 पर्यंत नेतात, सोबत ग्लुकोज आणि दर अर्ध्या तासाला साखरेची तपासणी. अशी ऑर्डर पहिल्यांदा वाचणारी सिस्टर दोनदा विचारते आणि तिने विचारलंच पाहिजे. संकटातलं हृदय चरबीऐवजी साखरेवर चालू पाहतं आणि ती साखर पेशीत शिरायला इन्सुलिन लागतं. बायकार्ब ड्रॉवरमध्ये, मॅगसल्फ खालच्या मजल्यावर, इन्सुलिन फ्रिजमध्ये. तालुक्याच्या रुग्णालयातही या तिन्ही गोष्टी असतात.

आठवड्यातून पाच दिवसांची गोळी

एक उतारा मात्र नसतो. त्याची गोष्ट आजींपासून सुरू होते.

डिजॉक्सिन हे फॉक्सग्लव्ह या वनस्पतीच्या कुळातून आलेलं औषध. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हाच मात्रा जपून वाढवा असा इशारा दिला होता. आपल्याकडे कितीतरी चिठ्ठ्यांवर ते 'आठवड्यातून पाच दिवस' असं लिहिलेलं असतं, शनिवार-रविवार सुट्टी. पावसाळ्यात जुलाब-उलट्या होऊन आजींच्या शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंड थकतं आणि रोजचीच गोळी शरीरात साचू लागते. कुणी जास्त घेतलेलं नसतं आणि तरी मात्रा जास्त झालेली असते. अन्नावरची वासना जाते, मळमळतं, कधी सगळं पिवळट दिसू लागतं. घरचे म्हणतात, वय झालं. नाडी 38 वर येईपर्यंत ईसीजी निघत नाही.

हेच विष आपल्या कुंपणांतही आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांतली द्रव्यं हृदयावर डिजॉक्सिनसारखीच काम करतात. श्रीलंकेत 1980 च्या दशकापासून पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेची लाट आली आणि तिथल्या डॉक्टरांना या लयींचा अनुभव जगात कुणापेक्षाही जास्त मिळाला. बोस्टनमध्ये थॉमस स्मिथ, एडगर हेबर आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये डिजॉक्सिनविरुद्ध मेंढीच्या रक्तातून बनवलेली प्रतिपिंडं पहिल्यांदा रुग्णाला दिली होती. तीच प्रतिपिंडं कण्हेरीच्या विषालाही पकडतात का, याची चाचणी मायकल एडलस्टन आणि त्यांच्या श्रीलंकन सहकाऱ्यांनी 66 रुग्णांवर घेतली. 'लॅन्सेट'मध्ये ती 2000 साली प्रसिद्ध झाली. प्रतिपिंडं विष पकडत होती, लय सुधारत होती. पुढे त्यांचा पुरवठा थांबला, किंमत परवडेना आणि मृत्यू वाढले; 2003 मध्ये त्याच मंडळींनी 'लॅन्सेट'मध्ये तेही लिहिलं.

ज्या देशांत ही विषबाधा गावोगाव होते तिथे उतारा परवडत नाही आणि जिथे परवडतो तिथे ती क्वचित होते. मला याचा राग येतो. आपण सर्पदंशावरचं प्रतिविष भारतातच, घोड्यांच्या रक्तातून, वर्षानुवर्षं बनवत आलो आहोत. मेंढीच्या प्रतिपिंडांसाठी ज्ञान कमी पडत नसावं. तोवर हाती असतं ते ॲट्रोपिन, पोटॅशियमवर नजर आणि मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून घातलेला तात्पुरता पेसमेकर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या विषाने कोसळणारं हृदय प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीने सावरता येतं, हे कोकणातल्या छोट्या दवाखान्यातून जगाला दाखवलं. कण्हेरीला असा स्वस्त उपाय अजून मिळालेला नाही.

पोलीस केस

मुलीची आई त्या रात्री खोटं का बोलली, हे मी मॅडमना विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. 'पोलीस केस होईल, लग्न कसं जमेल' ही वाक्यं कॅज्युअल्टीच्या बाकावर रोज ऐकू येतात. या भीतीने माणसं दोन दवाखाने फिरून मग मोठ्या रुग्णालयात येतात आणि तिथेही 'चक्कर' असं सांगतात. पोट धुणं किंवा कोळशाची पूड देणं उपयोगी पडतं ते बहुधा पहिल्या तासाभरात. तो तास बाकावर जातो.

म्हणून कायदा काय म्हणतो ते स्पष्ट लिहितो. 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 115 व्या कलमानुसार असं पाऊल उचलणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालवायचा नसतो, उलट तिची काळजी घेणं आणि पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी ठरते. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं 309 कलम उरलेलं नाही. एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद होते, पोलीस जबाब घेतात, हे खरं. पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत; परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच ते बजावलं आहे. डॉक्टरला खरं सांगितल्याने मुलगी तुरुंगात जात नाही.

घरी करण्याजोगं फार थोडं आहे. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नये. गुंगीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते जातं आणि रक्तातलं मीठ जिवावर बेतण्याइतकं वाढू शकतं. दूध-तूप पाजू नये. 108 ला फोन करावा, माणसाला कुशीवर झोपवावं, पाकीट सोबत घ्यावं. डॉक्टरांना शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर आहे. मॅडमच्या टेबलाच्या काचेखाली हा क्रमांक हाताने लिहिलेला होता. मनावरचा भार असह्य होत असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मुलगी तिसऱ्या दिवशी सामान्य वॉर्डात गेली. मानसोपचाराचे डॉक्टर तिच्याशी दार लावून तासभर बोलले. काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एक महिन्याच्या गोळ्या

डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन नावाचं एक वेदनाशामक आपल्याकडे वर्षानुवर्षं सर्रास विकलं जायचं. जास्त मात्रेत तेही हृदयाच्या सोडियमच्या वाटा अडवतं. ब्रिटनने ते असलेल्या गोळ्या 2005 मध्ये मागे घ्यायला सुरुवात केली आणि 2007 च्या अखेरीपर्यंत बंद केल्या. त्या गोळ्यांमुळे होणारे मृत्यू झपाट्याने घटले आणि दुसऱ्या वेदनाशामकांमुळे होणारे मृत्यू त्या प्रमाणात वाढले नाहीत. टोकाचा क्षण बहुतेकदा थोडा वेळ टिकतो आणि त्या क्षणी हाताशी काय आहे यावर पुढचं ठरतं. भारतात या औषधावर 2013 मध्ये बंदी आली.

सगळीच औषधं बंद करता येत नाहीत. पायांची आग होणाऱ्या बाईला झोप हवीच असते. रुग्णालयाच्या फाटकासमोरचे औषध दुकानदार मला म्हणाले की, चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या असतात आणि गिऱ्हाईकालाही महिन्याच्याच हव्या असतात, कारण गावाहून परत येण्याचं एसटीचं भाडं गोळ्यांपेक्षा जास्त पडतं. हे त्यांचं म्हणणं खरं आहे. मॅडम आता अशा गोळ्यांच्या चिठ्ठीवर 'दहा दिवस' असं लिहितात आणि बाकीच्या गोळ्या गावातल्या उपकेंद्रात आशाताईंकडे ठेवून हप्त्याहप्त्याने देता येतील का, यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. मी तिथून निघालो तोवर त्याचं उत्तर आलं नव्हतं.